शक्यतो टाळावे

भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवता बुडवता लुंबिनीला कळलं, की गुरुवारी आपल्या बाबांचं ऑपरेशन आहे. सांगितलं पद्मजाकाकूंनी, आणि तेही सांगायचं म्हणून नव्हे. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या महाराष्ट्र सदनाच्या कँटीनमध्ये लुंबिनी आठवड्यातून एकदा तरी ऑफिसातून चालत येई, जेवे आणि परत जाई. काकू मराठी मंडळाच्या कार्यक्रमासाठी हॉल मिळतो का ते बघायला आल्या होत्या. आर. के. पुरममध्ये आईबाबांच्या खालच्याच मजल्यावर त्यांचं क्वार्टर. दिल्लीत तिसरी पिढी, त्यामुळे शहरातल्या यच्चयावत मराठी माणसांची खबर आपल्याकडे असणं हा त्यांना घराण्याचा वारसाच वाटे. पर्स टेबलावर ठेवत त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई भेटलीस. बाबांना म्हणावं, रक्ताची बिल्कुल काळजी करू नका. यांच्या ऑफिसातले दोघं तयार आहेत, आणि तुमच्या वरचा तो निहारपण येतोय गुरुवारी सकाळी. किडनीचं ऑपरेशन म्हणजे हल्ली काही नाही राहिलं गं." लुंबिनीने वर पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर त्यांना काय दिसलं कोण जाणे, पण काकूंनी टेबलावरची पर्स परत उचलून पोटाशी धरली. "अगं बाई! तुला... थांब हं. तुझी आई, दीपमाला म्हणाली होती खरं, लुंबिनीला सांगू नका म्हणून. माझ्या डोक्यातून पार गेलं बघ. आता तू मनाला लावून घेऊ नकोस. म्हणजे त्यासाठीच तर सांगितलं नव्हतं, की तू मनाला लावून घेतेस. जेव. आधी पोटभर जेव बघू." आणि हॉलची चौकशी तशीच टाकून त्या निघूनसुद्धा गेल्या.

नवल असं, की लुंबिनी पोटभर जेवली. दुसरी भाकरी मागितली, कांदा मागितला, वर ताक प्यायली. तोंड आपलं काम करत होतं, हात आपलं, आणि ती स्वतः कुठेतरी बाजूला उभी राहून या कामसू अवयवांकडे बघत होती. किडनी. डावी की उजवी? काढणार की शिवणार? रक्त लागणार म्हणजे मोठंच असणार. बाबांचा रक्तगट तिचाच. हे तिला शाळेतल्या ओळखपत्रापासून माहीत होतं, आणि बाबांना त्याचा केवढा अभिमान, लहानपणी पाहुण्यांसमोर सांगायचे, "हितेश आईवर गेला, ही माझ्यावर." आणि आता काकूंच्या यजमानांच्या, भालचंद्रकाकांच्या ऑफिसातल्या, बाबांनी कधी पाहिलंही नसेल अशा दोन माणसांचं रक्त ठरलं होतं, आणि निहारचं, ज्याला जिना उतरताना दोन पायऱ्या सोडून उडी मारल्याशिवाय चालता येत नाही, आणि त्या सगळ्यांना गुरुवार माहीत होता. ब्लॉकमधल्या कुत्र्यालाही माहीत असेल. कालच, रविवारी, ती घरी जाऊन जेवून आली होती. बाबांनी नेहमीसारखं ताटातलं अर्धं केळं तिला दिलं होतं. आईने डबा भरून दिला होता. तिघंही हसले होते, कशावर ते आठवत नाही. त्या हसण्याच्या आत गुरुवार होता. बाहेर आल्यावर फुटपाथवर सेमलच्या झाडाची लालभडक फुलं पडलेली होती, जाडजूड, मांसल. आई त्यांना वेगळंच काहीतरी म्हणते, विदर्भातलं नाव. ते नाव लुंबिनीला आत्ता आठवेना, आणि ते आठवेना याचाच तिला एकदम घाम फुटला.

ऑफिसात तिचं काम असं, की ऐकणाऱ्याला वाटावं ही पगार कशाचा घेते. मोठमोठ्या प्रोग्रामांमध्ये हजारो फायली असतात. कोडच्या एखाद्या तुकड्याचं नाव कुठे जन्मलं, कुठे कुठे वापरलं गेलं, हे शोधून देणारी टूल्स तिथे बनत. पूर्वी माणसं ती वापरत, आता एआय एजंट वापरतात, म्हणजे स्वतःच कोड वाचून दुरुस्त करणारा यंत्रातला कारागीर. या कारागिराची एक अडचण आहे. त्याला टूल दिसत नाही, टूलचं चार ओळींचं वर्णन तेवढं दिसतं. बंद डब्यांची फळी समोर आहे आणि आत काय ते फक्त वरच्या चिठ्ठीवरून ठरवायचं. लुंबिनी त्या चिठ्ठ्या तपासे. काय करतं ते नीट लिहिलंय का, कधी वापरायचं ते लिहिलंय का, कधी नाही तेही लिहिलंय का. मग मार्क देई, आणि एजंट प्रत्यक्ष कामात कुठला डबा उघडतो ते बघत बसे. या कामात ती तरबेज होती, कारण तिला माणसंही तशीच वाचायची खोड होती. तिच्या मते प्रत्येक घरात प्रत्येकाच्या कपाळावर एक चिठ्ठी असते आणि घरातले सगळे ती वाचूनच वागतात. हितेश: जबाबदार, काहीही सांगा. प्रणितामावशी: प्रेमळ, पण तिच्यापाशी गुपित ठेवू नका. भालचंद्रकाका: कामाचा माणूस, वाद मात्र घालू नका. ही टवाळी ती ऑफिसातल्या मानसला ऐकवी आणि दोघं चहा सांडेपर्यंत हसत. स्वतःच्या कपाळाकडे बघायला आरसा लागतो, एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती.

त्या दुपारी स्क्रीनवर चाचणी चालू होती. एजंटला काम दिलं होतं: एका फंक्शनचं नाव बदल, आणि ते जिथे जिथे वापरलंय तिथेही बदल. फळीवर चार डबे. त्यातला एक नेमका या कामासाठीच घडवलेला, 'सगळे वापर शोधा'. एजंटने तो उघडला नाही. साधा अक्षरशोध लावला, सापडलं तेवढं बदललं, एक जागा सुटली, आणि वर आनंदाने कळवलं की काम पूर्ण झालं. तसं पाहिलं तर नवीन काही नव्हतं, एजंट असे गोंधळ रोज घालतात. पण एजंट काम करताना स्वतःशी बोलतो आणि ते बोलणं बाजूला लिहून येतं. तिथे लिहिलं होतं: 'या कामाला सगळे वापर शोधणारं टूल सर्वांत योग्य ठरलं असतं. पण मोठ्या प्रकल्पात ते अडकून पडतं, म्हणून शक्यतो टाळावे, असं वर्णनात म्हटलं आहे. त्याला त्रास न देता मी माझ्या पद्धतीने करून घेतो.' लुंबिनी खुर्चीत मागे सरकली. खुर्चीच्या चाकांचा आवाज झाला म्हणून कुणीतरी वळून पाहिलं. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं. त्याला त्रास न देता. किती सभ्य. किती मायेने लिहिलेलं. जणू आईच बोलत होती, स्वयंपाकघरातून, फोनवर हात ठेवून, हळू आवाजात, हितेशशी.

"काय मॅडम, पिठलं बाधलं का?" मानस शेजारी येऊन उभा होता. टूल्स बनवणाऱ्या टीममधला, करोलबागेत वाढलेला, मराठी बोलता बोलता मध्येच हिंदीत उतरणारा आणि उतरल्याचं स्वतःलाही न कळणारा. तिने स्क्रीनकडे बोट केलं. "हे टूल अडकतं?"

"अडकायचं. जुनी गोष्ट आहे यार. नंतर आम्ही सगळं नव्याने लिहिलं ना. आता मक्खन चालतं."

"मग इथे अडकतं असं का लिहिलंय?"

"तेव्हा कुणीतरी लिहिलं असेल. तेव्हा खरं होतं."

"आणि काढलं का नाही?"

"कोण काढणार? कुणाची कंप्लेंटच नाही आली." मानस स्वतःच्याच वाक्यावर हसला. "येणार कशी? कुणी वापरतच नाही तर कंप्लेंट कोण करणार? पण तू का एवढी तापतेयस? या वर्णनाला तर तूच सगळ्यात जास्त मार्क दिलेत. हे बघ. 'आपल्या मर्यादा स्पष्टपणे सांगते.' तुझाच शेरा."

शेरा तिचाच होता. वर्णन खरोखरच उत्तम होतं: आटोपशीर, प्रामाणिक, फाफटपसारा नाही. चिठ्ठी सुवाच्य आहे का, हे तपासायला त्यांच्याकडे सात-आठ निकष होते. चिठ्ठी अजून खरी आहे का, हे विचारणारा एकही नव्हता. तिने ती ओळ काढून टाकली, फक्त ती एक ओळ, आणि तीच चाचणी परत लावली. एजंट सरळ त्या डब्याकडे गेला. टूल थोडा वेळ घुटमळलं, अगदी माणूस विचार करतो तेवढा, आणि मग सगळ्या जागा त्याने आणून समोर ठेवल्या, सुटलेलीसुद्धा. मानस "क्या बात है" म्हणून टाळी द्यायला हात पुढे करून उभा राहिला. लुंबिनीला तो हात दिसलाच नाही. इतकं सोपं होतं? इतकी वर्षं ते टूल तिथे, आत, धडधाकट बसून होतं, आणि बाहेर सगळे आपापसात ठरवून त्याच्या तब्येतीला जपत होते?

तिच्या कपाळावरची ओळ कधी लिहिली गेली ते तिला पक्कं माहीत होतं. घरात ती गोष्ट इतक्या वेळा सांगितली गेली होती, की तिला ती स्वतःच्या डोळ्यांनी न दिसता नातेवाइकांच्या डोळ्यांनी दिसे. आजी नागपुरात वारली तेव्हाची गोष्ट. भीमाबाई, बाबांची आई. फोन दुपारी आला, घरात रडारड झाली, कुणीतरी तिला, तिसरीतल्या पोरीला, पटकन सांगून टाकलं की आजी वारली, आणि संध्याकाळपर्यंत लुंबिनी गायब. अख्खा सेक्टर शोधत होता. शेवटी बस टर्मिनलवर उभ्या असलेल्या एका रिकाम्या बसमध्ये, शेवटच्या सीटवर, खिडकीला चिकटून बसलेली सापडली. तोंडातून शब्द नाही. तेव्हापासून ठरलं, लुंबिनीला एकदम काही सांगायचं नाही, ती घाबरते. आणि मग ती ओळ कामाला लागली. बाबांची बदली आली आणि रद्द झाली, ते तिला नंतर कळलं. हितेशचं ठरलेलं लग्न मोडलं, ते ती साडी घेऊन आल्यावर कळलं. प्रणितामावशीचा घटस्फोट तर तिला मावशीच्या दुसऱ्या लग्नाच्या पत्रिकेवरून कळला, आणि त्यावर ती स्वतःच इतकी हसली की सगळ्यांना वाटलं, बघा, बरं झालं नाही सांगितलं. हळूहळू तिलाही ते पटलं. आपल्याला सोसत नाही. म्हणून ती नोकरी लागल्यावर मुनिरकाला खोली घेऊन राहिली, शिकताना जिथे राहिली होती तिथेच, म्हणजे घरातल्यांना कुजबुजायला मोकळं घर मिळावं; असं तिने कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण हिशेब तोच होता.

मेट्रोत बसायला जागा मिळाली आणि ती बसली. या गाडीत ती रोज बसे, आधी आर. के. पुरम येई, मग मुनिरका. रोज संध्याकाळी आईबाबांच्या स्टेशनावर दार उघडे, सरकारी क्वार्टरांतली माणसं पिशव्या सावरत उतरत, दार मिटे, आणि ती पुढच्या स्टेशनावर उतरे. डोळे मिटल्यावर तिला बस दिसली. तापलेल्या रेक्झिनची सीट, समोरच्या सीटच्या पाठीवर कुणीतरी कोरलेलं नाव, डिझेलचा वास. आणि गळ्याशी काहीतरी टोचत होतं. इतक्या वर्षांत त्या आठवणीत हे टोचणं कधी आलं नव्हतं. मानेला खाज सुटेल असं, लोकरीचं. स्वेटर. आजीनेच विणलेला, हिरवा, गळ्याला घट्ट. दिल्लीत एप्रिलच्या उन्हात तिने स्वेटर घातला होता. का? आणि मांडीवर काय होतं? कागद चुरचुरत होता. बिस्किटांचा पुडा. लुंबिनीचे डोळे खाडकन उघडले. घाबरलेलं पोर पळताना स्वेटर शोधत नाही. नागपूरला आजीकडे जायचं तर रात्र गाडीत जाते, रात्री थंडी वाजते, भूक लागते. म्हणून तिने स्वेटर घातला, खायला घेतलं, आणि जिथून बसा सुटतात तिथे जाऊन जी दिसली त्या बसमध्ये बसली. घरातली मोठी माणसं रडत होती, कुणी निघायचं नाव काढत नव्हतं. कुणीतरी आजीकडे जायला हवंच होतं. बस सुटली नाही एवढंच. ती घाबरून पळालेली नव्हती. ती निघाली होती. समोर उभ्या असलेल्या बाईने विचारलं, "आप ठीक हैं?" लुंबिनीने मान हलवली, पण हो की नाही ते त्या बाईला कळलं नसावं, कारण तिने पाण्याची बाटली पुढे केली. म्हणजे ती ओळ कधीच खरी नव्हती. जुनी होऊन खोटी ठरली असती तर समजूत घालता आली असती. ही पहिल्या दिवसापासून खोटी होती, आणि तिच्यावर सबंध एक मुलगी वाढवली गेली होती. दार उघडलं. आज ती उतरली.

आई कणीक मळत होती. मोबाइल ओट्यावर परातीला टेकून उभा ठेवलेला, आणि मळता मळता तिची नजर सारखी त्याच्यावर. "अगं, आज कशी? आज तर सोमवार," ती म्हणाली.

"बाबा कसे आहेत?"

"ठीक आहेत. थोडी ॲसिडिटी."

"गुरुवारी काय आहे आई?"

"गुरुवारी? गुरुवारी काय असणार, गुरुवार आहे."

"पद्मजाकाकू भेटल्या सदनात."

आईचे हात कणकेत थांबले. "ही बाई ना! हिच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ." मग मान वर न करता, "तुला सांगणारच होतो. झाल्यावर."

"झाल्यावर?"

"सगळं नीट पार पडल्यावर. हितेशपण तेच म्हणाला. तो येतोय बुधवारी, रजा टाकून."

"हितेश नागपूरहून येणार. आणि मी पुढच्या स्टेशनवर राहते आई."

"तुला झेपत नाही म्हणून गं! तू लहानपणी त्या बसमध्ये..."

"माझ्या अंगात काय होतं तेव्हा?"

"काय होतं म्हणजे?"

"आठव ना. तूच उतरवलंस मला बसमधून."

आई त्रासून काहीतरी बोलणार होती, पण तोंड उघडलं ते तसंच राहिलं. कणकेने भरलेली बोटं तिने हवेत धरली, जणू आत्ता तिच्या हातात ती लोकर आली. "स्वेटर," ती म्हणाली. "घामाने चिंब झाली होतीस. मी म्हटलं, या उन्हात हिने स्वेटर का... आणि तो पुडा होता. मीच काढून घेतला तुझ्या हातातून. सोडत नव्हतीस." ती हळूच स्टुलावर बसली. "तू कुठे निघाली होतीस गं?"

"आजीकडे."

लुंबिनीला वाटलं होतं, हे सांगताना आपण ओरडू, निदान रडू. तसं काहीच झालं नाही. आईच्याच चेहऱ्यावर इतकी भीती होती, की ती बघून लुंबिनीला तिच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. मग ती आतल्या खोलीत गेली.

बाबुराव मेश्राम उद्याचा शर्ट इस्त्री करत होते. केंद्रातल्या एका मंत्रालयात तीस-बत्तीस वर्षं काढलेला माणूस, या वर्षअखेर रिटायर होणार. कॉलरला आधी उलटी बाजू मग सुलटी, यात कधी चूक नाही. तिला बघून त्यांनी इस्त्री उभी केली. स्वयंपाकघरातलं त्यांना ऐकू आलं असावं, कारण त्यांनी काही विचारलं नाही. "डाव्या बाजूला गाठ आहे," ते म्हणाले, एखाद्या फाइलीचा सारांश सांगावा तसं. "वेळेत सापडली म्हणतात. काढली तर पुढे काही नाही. न काढली तर वाढेल."

"मी बुधवारी रात्री इथेच येते. रक्त माझं द्यायचं. तुमचा-माझा गट एकच आहे."

बाबांनी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "दार लोट बेटा." तिने दार लोटून कडी लावली. त्यांनी शर्टाची बाही सरळ केली, पुन्हा सरळ केली. "गुरुवारी काही नाहीये."

"म्हणजे?"

"मी आज सकाळी ऑफिसला जाता जाता तिथे जाऊन नाही म्हणून आलो. लिहून दिलं. आईला माहीत नाही, हितेशला नाही. परवा सांगीन, डॉक्टरांनीच तारीख पुढे ढकलली म्हणून." इस्त्रीच्या वायरीला पीळ पडला होता, तो ते सोडवत होते. "तुला सांगितलं कारण तू विचारलंस. बाकी कुणी मला काही विचारतच नाही. सगळे येतात आणि म्हणतात, काही काळजी करू नका. आईच्या कानावर एवढ्यात घालू नको. तिची झोप उडेल."

लुंबिनी घाबरली. हे खरं होतं, लपवण्यात अर्थ नव्हता. तिने दाराची चौकट धरली. म्हणजे दार उघडून आत घेतात ते हे असं असतं. जन्मभर ज्या कुजबुजीच्या बाहेर ती उभी होती, तिच्या आत शहाणी, धीराची माणसं काहीतरी भारी पेलत असतील अशी तिची समजूत होती. आत फक्त एक साठीचा माणूस होता आणि तो घाबरून शर्ट इस्त्री करत होता. कुणाला कोण जपत होतं इतकी वर्षं? आजी गेली त्या दिवशी पलंगावर पालथं पडून कोण रडत होतं, आणि कुणाला उठवत नव्हतं म्हणून एक पोरगी एकटीच निघाली होती? बाबांनी तिच्याकडे आशेने पाहिलं. ती होती तशी राहिली असती, गप्प, सांगितलं तेवढंच ऐकणारी, तर आता ते दोघं एका बाजूला झाले असते. तिला मोह झाला. खोटं कशाला बोला, फार मोठा मोह झाला. बाबांनी तिला आजवर असं जवळ कधी घेतलंच नव्हतं. तरी तिने कडी काढली. एकदा निसटली, मग निघाली.

"आई, इकडे ये."

"लुंबिनी!" बाबा म्हणाले.

आई दारात आली. हातांना कणीक, आणि त्या हातांत मोबाइल. तिने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि कुणी काही बोलायच्या आत म्हणाली, "मला माहीत आहे. दुपारी फोन आला होता त्यांचा. बेड कॅन्सल करायचा का विचारत होते. मी म्हटलं, थांबा. संध्याकाळपर्यंत सांगा म्हणाले, नाहीतर दुसऱ्याला देऊन टाकतील."

"दुपारी?" बाबांचा आवाज चिरकला. "मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही आधीच घाबरलेले. त्यात मी काय बोलू?"

खोलीत इस्त्रीचा गरम वास भरून राहिला होता. लुंबिनीला हसू आलं, अगदी पोटातून, आणि ते बाहेर पडलं ते हुंदका होऊनच. तिने इस्त्रीचं बटण बंद केलं. आईच्या हातातून मोबाइल घेतला, काचेवरची कणीक ओढणीला पुसली, दुपारचा नंबर काढला आणि लावला. स्पीकर चालू केला. तिला वाटलं होतं आपणच बोलून टाकू, येतोय म्हणून सांगू. पलीकडच्या बाईने नाव विचारलं, कागद चाळल्याचा आवाज आला, आणि मग ती म्हणाली, "इन्होंने तो खुद मना किया है। पेशंट से बात कराइए।" लुंबिनीने फोन बाबांपुढे धरला. त्यांनी तो घ्यायला बराच वेळ लावला. आई काही बोलू पाहत होती. लुंबिनीने तिचा कणकेचा हात घट्ट धरला.

"मेश्राम बोल रहा हूँ," बाबा म्हणाले. बाहेरच्यांशी बोलताना त्यांचा आवाज सरळ होई, तसा झाला. "जी, मैंने ही लिखकर दिया था। नहीं मैडम, दूसरा हॉस्पिटल नहीं देखा। छुट्टी की बात नहीं है। पैसे की भी नहीं।" पलीकडे दुसरा फोन वाजत होता. "मैडम, मैं डर गया था। बहुत डर गया था।" घरात मराठीत जे वाक्य कधी कुणी उच्चारलं नव्हतं ते त्यांनी हिंदीत, एका न पाहिलेल्या बाईला, तारीख-वार सांगावा तसं सांगून टाकलं. आईच्या हाताला हिसका बसला. तो लुंबिनीच्या हातापर्यंत आला.

बाईने सुस्कारा टाकला की नुसता श्वास घेतला, कळलं नाही. "तो गुरुवार पक्का करूँ, सर?"

बाबांनी दोघींकडे पाहिलं नाही. ते इस्त्री केलेल्या शर्टाकडे बघत होते. "कीजिए," ते म्हणाले.

"कुछ हुआ तो सबसे पहले किसको फोन करें? यहाँ बेटे का नंबर है, नागपुर का।"

"वो काट दीजिए। बेटी का लिखिए।" आणि मग ते अडले, कारण तिचा नंबर त्यांना पाठ नव्हता. त्यांनी फोन तिच्याकडे वळवला. लुंबिनी नंबर सांगायला लागली. आवाज इतका कापत होता, की बाईला ऐकू गेलं नाही. तिने परत सांगायला लावलं, आणि लुंबिनीने परत, एकेक आकडा, सांगितला.